रोमन अवशेष जलरंगात रंगवताना चित्र छापील पोस्टकार्डासारखे का दिसते?

कोटितीर्थ_काठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. नोकरी सांभाळून जलरंगात निसर्गचित्रे रंगवतो. पंचगंगेचा घाट, रंकाळ्यातला संध्यामठ, पन्हाळ्याचा तीन दरवाजा हे आपल्याकडचे ठरलेले विषय माझ्याही हातून अनेकदा रंगवून झाले आहेत. सध्या रोमन अवशेषांवर एक लहानशी मालिका करावी असे मनात घेतले आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली आणि आपल्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात ठेवलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची रोमन काळातली चिमुकली ब्राँझमूर्ती शाळेत असल्यापासून पाहत आलो आहे. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आणि घाट चढून ती करवीरला पोहोचली, याचे कुतूहल अजून ओसरलेले नाही, आणि या मालिकेची कल्पनाही तिथूनच सुचली. रोमला जाणे मात्र नजीकच्या काळात शक्य दिसत नाही, त्यामुळे सगळे काम छायाचित्रांवरूनच करावे लागणार आहे.

अडचण अशी आहे की कोलोसियम, फोरममधले, म्हणजे प्राचीन रोमच्या मध्यवर्ती चौकातले, शनिमंदिराचे खांब, शहराबाहेरच्या क्लॉडियन जलवाहिनीच्या कमानी यांचे रेखांकन नीट बसते, यथार्थदर्शनही चुकत नाही, तरी रंग भरून झाल्यावर चित्र एखाद्या प्रवासी कंपनीच्या माहितीपत्रकातल्यासारखे दिसते. एवढ्या कमानी, एवढे दगडांचे सांधे, भिंतीवरची एवढी भोके असे सगळे उतरवायला गेले की चित्र जड आणि कोरडे होते. वगळायला गेले की ती जगातली कोणतीही पडकी भिंत वाटू लागते. घाटावर बसून रंगवताना काय ठेवायचे आणि काय सोडायचे हा प्रश्न मला कधी पडत नाही, मग इथेच तो का पडावा?

जुन्या जलरंगकारांनी हे अवशेष कसे हाताळले, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे. विटा आणि ट्रॅव्हर्टाइनचा दगड यांच्यासाठी कोणते रंग घ्यावेत, हेही सांगितल्यास उपकार होतील. आणि मनात एक शंका आहे, तीही विचारून टाकतो: जे स्थळ डोळ्यांनी पाहिलेच नाही ते रंगवण्याला काही अर्थ आहे का?

जुनी_रंगपेटी

आपली शेवटची शंका आधी निकालात काढू. प्रसिद्ध इंग्रज निसर्गचित्रकार टर्नर रोमला पहिल्यांदा गेला तो १८१९ साली; परंतु त्याआधीच जेम्स हेकविल या वास्तुविशारदाने इटलीत फिरून काढून आणलेल्या पेन्सिलच्या रेखांकनांवरून त्याने रोमन फोरमसह इटलीतील कितीतरी दृश्ये जलरंगात पूर्ण केलेली होती, आणि त्यांवरून कोरलेली मुद्रणे हेकविलच्या इटलीवरील पुस्तकात छापलीही गेली होती. तेव्हा न पाहिलेल्या स्थळाचे चित्र काढण्यात गैर काही नाही. फरक एवढाच की टर्नरच्या हाती रेखांकन होते आणि आपल्या हाती छायाचित्र आहे, आणि माझ्या मते आपल्या अडचणीचे मूळ नेमके याच फरकात आहे. रेषेतल्या चित्रात प्रकाश नसतो; ऊन कोणत्या बाजूने येते, सावली किती गडद, आकाश किती उजळ हे सगळे चित्रकाराला स्वतः ठरवावे लागते. छायाचित्र मात्र प्रकाश, रंग आणि तपशील एकदमच पदरात टाकते आणि ठरवण्यासारखे काही शिल्लक ठेवत नाही. घाटावर आपण ठरवता, म्हणून तिथे अडत नाही.

यावर माझा उपाय साधा आहे. छायाचित्रावरून फक्त रेषेत, छटा न भरता, एक रेखांकन करावे, छायाचित्र बाजूला ठेवावे, आणि त्या रेखांकनावर ऊन कुठून येणार याचा बाण काढूनच रंगाला हात घालावा. फ्रान्सिस टाऊन या इंग्रज चित्रकाराची १७८० आणि १७८१ मधली रोमची जलरंगचित्रे या दृष्टीने अवश्य पाहावीत. ती त्याने १८१६ साली मृत्युपत्राने ब्रिटिश म्युझियमला दिली आणि आज त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. अनेक चित्रांवर त्याने दिवस, वेळ आणि ऊन डावीकडून येते की उजवीकडून, हे लिहून ठेवलेले आहे. पेनने काढलेली सलग बाह्यरेषा आणि तिच्या आत सपाट, शांत वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर) एवढ्यावर त्याचे काम चालते. कोलोसियमच्या आतल्या बाजूचे त्याचे चित्र पाहिले तर जाणवेल की दगडांचे सांधे त्याने जवळजवळ दाखवलेलेच नाहीत. उन्हातला भाग आणि सावलीतला भाग यांची सीमा मात्र चाकूने कापल्यासारखी स्वच्छ ठेवली आहे. त्याच्या हयातीत त्याचे फारसे कौतुक झाले नाही, आणि आज त्याच्याइतके आधुनिक त्या काळातले दुसरे कोणी वाटत नाही, हे माझे वैयक्तिक मत.

दुसरी गोष्ट अशी की त्या काळच्या चित्रकारांनी रंगवलेले रोम आणि आजच्या छायाचित्रातले रोम ही दोन वेगळी स्थळे आहेत, आणि याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. अठराव्या शतकात फोरम हे गुरे चरण्याचे मैदान होते. लोक त्याला ‘कांपो वाच्चीनो’, म्हणजे गाईंचे रान, म्हणत. कित्येक शतकांची माती साचून जमिनीची पातळी इतकी वर आलेली होती की सेप्टिमियस सेव्हेरसची कमान अर्धीअधिक गाडली गेली होती. त्यामुळे जुन्या चित्रांत खांब बुटके दिसतात, माणूस त्यांच्या अगदी जवळ उभा असतो आणि दृष्टिरेषा खाली असते. एकोणिसाव्या शतकात उत्खनने होऊन तळ उघडा पडला. आज पर्यटक कॅपिटोलिन टेकडीवरून किंवा रस्त्याच्या कठड्यावरून खाली वाकून छायाचित्र घेतो, आणि वरून पाहिले की अवशेषांचा भव्यपणा निम्मा नाहीसा होतो. तेव्हा छायाचित्र निवडताना ते जमिनीवर उभे राहून घेतलेले असेल असे पाहावे. कोलोसियमचेही तसेच आहे. रिचर्ड डीकिन या डॉक्टरने १८५५ साली एकट्या कोलोसियमवर उगवणाऱ्या ४२० जातींच्या वनस्पतींची नोंद केली होती. १८७० नंतर ही सारी हिरवळ उपटून काढण्यात आली. जुन्या चित्रांतल्या कमानींवर लोंबणाऱ्या वेली हा चित्रकारांचा कल्पनाविलास असावा असे आपल्याला वाटते, पण ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. दगडाच्या कडक कडा मोडण्याचे काम जे गवत आयते करत होते ते आज नाही, म्हणून ते काम आता पाण्याने आणि ब्रशने करावे लागते.

शिरोळचा_पाऊस

विषयांतर होत असेल तर क्षमा असावी, पण एक शंका मनात येते ती मांडतो. आपल्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर खिद्रापूरला कोपेश्वराचे मंदिर उभे आहे. त्याच्या स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध मोकळे वर्तुळ आहे, खाली अठ्ठेचाळीस खांब आहेत, आणि दुपारी त्या वर्तुळातून उतरलेला उन्हाचा गोल फरशीवरून सरकत जातो. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये युरोपीय पद्धतीचे शिक्षण घेऊन कोल्हापूरला परतले आणि त्यांनी रंगवले ते कोटितीर्थ, रंकाळा आणि पंचगंगा. त्यांनाही रोमच्या कमानी काढता आल्या असत्या. मग आपणच का त्या काढाव्यात?

त्यातही अडचण केवळ अभिमानाची नाही, दगडाची आहे. आपला हात काळ्या बेसॉल्टवर बसलेला आहे. हा दगड प्रकाश पिऊन टाकतो, त्याच्यावरचे ऊन निळसर राखाडी दिसते आणि पावसात तो जवळजवळ काळा होतो. रोमचा ट्रॅव्हर्टाइन हा फिकट, सच्छिद्र दगड. तो प्रकाश परत फेकतो, त्याची सावलीसुद्धा उजळ असते. कोल्हापूरच्या हाताने सवयीप्रमाणे पेन्स ग्रे हा तयार निळसर गडद राखाडी घेऊन कोलोसियमची सावली भरली तर तिथे पन्हाळा उभा राहणार, आणि तसे झालेले मी प्रदर्शनांत पाहिलेही आहे. मालिका करूच नये असे माझे म्हणणे नाही, परंतु तीत एखादे खिद्रापूर असावे.

ओला_कागद

वरील दोघांनीही महत्त्वाचे सांगितले आहे. दगडाविषयीचा मुद्दा तर फारच मोलाचा आहे, कारण मूळ प्रश्नातला पोस्टकार्डपणा माझ्या मते सावलीच्या रंगातून येतो. मी थोडे प्रत्यक्ष कामाविषयी लिहितो.

कोलोसियमची एकच कमान घेऊन बसा. सबंध इमारत नंतर. बाहेरची भिंत ट्रॅव्हर्टाइनच्या ठोकळ्यांची आहे आणि ते ठोकळे चुन्याने जोडलेले नसून लोखंडी पकडींनी एकमेकांत अडकवलेले होते. मध्ययुगात लोकांनी ते लोखंड काढून नेण्यासाठी सांध्यांपाशी दगड फोडला, म्हणून आज सगळ्या भिंतीवर देवीच्या व्रणांसारखी भोके दिसतात. हे एकदा कळले की भोके कुठे असायला हवीत हे कळते: ती वाटेल तिथे नसून सांध्यांच्या रेषेत आहेत. मग शंभर भोके काढावी लागत नाहीत. उन्हाच्या कडेला, जिथे प्रकाश तिरपा पडतो तिथे, पाच-सहा नेमकी टिंबे दिली की उरलेली भिंत प्रेक्षक स्वतः भरून घेतो. काय वगळावे हा तुमचा जो प्रश्न आहे, त्याला माझ्याकडे हेच एक उत्तर आहे की अवशेष कसा बांधला होता आणि कसा मोडला हे आधी समजून घ्यावे. बाहेरचे मूळ कडे आज केवळ उत्तरेच्या बाजूला पूर्ण उंचीने, म्हणजे सुमारे ४८ मीटर, उभे आहे. दक्षिणेची बाजू १३४९ च्या भूकंपात ढासळली आणि तिचे दगड पुढे शहरातल्या इतर बांधकामांना गेले. एका टोकाला कडे जिथे संपते तिथला विटांचा तिरका आधार हा प्राचीन नाहीच, तो एकोणिसाव्या शतकात भिंत कोसळू नये म्हणून बांधलेला आहे. छायाचित्र पाहून रंगवणारे बहुतेक जण त्या आधारालाही तोच पिवळसर रंग देऊन मोकळे होतात आणि मग ती कडा विनाकारण तिरकी वाटते. तिथला दगड आणि वीट यांचा रंगफरक दाखवला की इमारतीचा इतिहास एका वॉशमध्ये उभा राहतो.

रंगांचे म्हणाल तर ट्रॅव्हर्टाइनसाठी रॉ सिएनाचा अगदी पातळ वॉश, तो ओला असतानाच त्यात कोबाल्ट ब्लूचा थेंब, आणि कमानीच्या आतल्या सावलीत जमिनीवरून परतलेल्या उन्हासाठी बर्न्ट सिएना. कमानीच्या आतली सावली वर गडद आणि खाली उबदार असते, कारण जमिनीवर पडलेले ऊन वर उसळते. एवढी एक गोष्ट साधली तरी पोस्टकार्डपणा बराच जातो. पॅलाटाइन टेकडीवरच्या किंवा काराकल्लाच्या स्नानगृहांच्या भिंती मात्र विटांच्या आहेत. रोमन वीट आपल्या विटेपेक्षा बरीच पातळ आणि रुंद असते, त्यामुळे दुरून भिंतीवर विटा दिसत नाहीत, आडव्या रेघांचा एक मऊ पोत दिसतो. तो लाइट रेड आणि यलो ऑकरच्या वॉशवर, कागद पुरता सुकल्यावर, जवळजवळ कोरड्या ब्रशने आडवा फटकारा मारून येतो. एकेक वीट काढत बसणे म्हणजे एलिमेंटरीच्या परीक्षेतले स्थिरचित्र पुन्हा काढणे. सावलीचा राखाडी तयार नळीतून न घेता फ्रेंच अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून काढा. खरबरीत कागदावर त्याचे कण खळग्यांत बसतात आणि सच्छिद्र दगडाचा पोत फुकट मिळतो.

जुन्या चित्रांचे अनुकरण करताना एक सावधगिरी बाळगावी. त्या काळातल्या कित्येक जलरंगचित्रांतले आकाश आज गुलाबी-तांबूस दिसते आणि ते पाहून आपण रोमची संध्याकाळ समजतो. पुष्कळदा ते मूळचे निळसर राखाडी होते. नीळ आणि तांबडा मिसळून केलेल्या त्या वॉशमधली नीळ उजेडाने उडून गेली आणि मागे तांबडा तेवढा राहिला. मी वर सुचवलेला फ्रेंच अल्ट्रामरीन, म्हणजेच कृत्रिम अल्ट्रामरीन, १८२० च्या दशकाअखेरीस निघाला, त्यामुळे टाऊनच्या किंवा १८१९ मधल्या टर्नरच्या पेटीत तो असणे शक्यच नव्हते. छायाचित्रांचीही हीच तऱ्हा आहे. कोलोसियमची बाहेरची भिंत २०१३ ते २०१६ या काळात पाण्याच्या बारीक फवाऱ्याने धुऊन स्वच्छ करण्यात आली. त्याआधीच्या छायाचित्रांत ती काळवंडलेली दिसते आणि नंतरच्यांत मधाच्या रंगाची. दोन्ही प्रकारची छायाचित्रे समोर ठेवून एकाच चित्रात मिसळली तर सावल्या आणि डाग यांचा घोळ होतो.

आणि हे सगळे जून ते सप्टेंबर करू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद दिवसभर दमट राहतो, वॉश वाळता वाळत नाही आणि उन्हाची ती कापल्यासारखी कड काही केल्या येत नाही. दिवाळीनंतरची कोरडी हवा या विषयाला मानवते.

कोटितीर्थ_काठ

सर्वांचे मनापासून आभार. छायाचित्र बाजूला ठेवून फक्त रेखांकनावरून रंगवायचा सल्ला मी जलवाहिनीच्या कमानींवर लगेच करून पाहणार आहे, कारण तो विषय आकाराने सर्वांत सोपा आहे. खिद्रापूरचा मुद्दाही पटला. ते चित्र मालिकेत असेलच, पण शेजारी रोमचे पँथिऑन ठेवून. त्याच्या घुमटालाही मधोमध आकाशाकडे उघडे वर्तुळ आहे, आणि काळ्या दगडावर पडणारा उन्हाचा गोल व फिकट घुमटाच्या आतून फिरणारा उन्हाचा गोल ही दोन चित्रे एकमेकांशेजारी टांगलेली पाहायला मला स्वतःलाच आवडेल. पँथिऑन हा अवशेष नव्हे, ती धडधाकट उभी असलेली इमारत आहे, हे मला ठाऊक आहे. मालिकेचे नाव त्यानुसार बदलू.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. टर्नरने चांदण्यातले कोलोसियम रंगवले आहे. तसला गडद विषय पारदर्शक जलरंगात, पांढरा रंग न वापरता, कसा साधतो? आणि चित्रात माणसे घालावीत की नाही? छायाचित्रांत सगळीकडे पर्यटकांची गर्दी आणि लोखंडी कठडे आहेत. ते काढून टाकले तर जागा ओस वाटते, आणि जुन्या चित्रांतले गुराखी आज घालणे खोटेपणाचे वाटते.

जुनी_रंगपेटी

चांदण्याचे आधी. रोममधल्या १८१९ च्या वास्तव्यात टर्नरने एका वहीचे कागद आधीच राखाडी वॉश देऊन तयार करून ठेवले होते आणि जिथे उजेड हवा तिथे तो राखाडी पुसून किंवा खरवडून खालचा पांढरा कागद उघडा केला. म्हणजे पांढरा रंग लावण्याऐवजी अंधार काढून घ्यायचा. आपणही करून पाहा, मात्र चांगल्या सायझिंगचा (रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून प्रक्रिया केलेला) सुती कागद घ्या. साध्या कागदाचे पुसताना तंतू उचकटतात आणि तिथला प्रकाश मळकट होतो. कागदात न मुरणारा, पाण्याने सहज सुटणारा रंग आधाराला घ्यावा, आणि थॅलो जातीचा निळा अजिबात घेऊ नये, तो एकदा बसला की उठत नाही.

माणसांविषयी माझे मत स्पष्ट आहे: घालावीत, आजचीच घालावीत, आणि थोडी घालावीत. जुन्या चित्रकारांनी गुराखी घातले ते तिथे खरोखरच गुरे होती म्हणून; आपल्या रोममध्ये छत्री उघडून चालणारी बाई आणि पाठीवर पिशवी घेतलेला पोरगा आहे, तर तेच असावेत. कठडे खुशाल वगळा, त्यांच्याविषयी कोणी विचारणार नाही. प्रमाण मात्र सांभाळा. कोलोसियमच्या तळमजल्याची कमान सुमारे सात मीटर उंच आहे, तेव्हा तिच्याखाली उभा असलेला माणूस कमानीच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढा निघतो. बहुतेक जण तो निम्म्या उंचीचा काढतात आणि त्या एका चुकीने अख्खे कोलोसियम गावच्या वेशीएवढे होऊन बसते. आधी माणूस पेन्सिलने कमानीखाली उभा करा, मग वर मोजत जा.